नेमलेले पुस्तक आणि मोकळे मत

ज्या पुस्तकाची निवड आपण केलेली नाही, ज्याचे वाचन टाळण्याची मुभा आपल्याला नाही, आणि ज्याच्या वाचनावर आपला पुढच्या इयत्तेतील प्रवेश अवलंबून आहे, अशा पुस्तकाविषयी प्रांजळ मत बनवणे पक्व वाचकालाही सहज साधत नाही. परंतु तीच गोष्ट आपण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींकडून दरवर्षी मागतो, ठरावीक ओळींत मागतो, तिला गुण देतो, आणि तिच्या आधारे त्या मुलाला वाङ्मयाची गोडी आहे की नाही याचा फैसलाही करून टाकतो. पुढील पानांत एकत्र केलेले अभिप्राय या शिरस्त्याबाहेरचे आहेत. हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यात, नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेल्या आखाडा बाळापूर या गावी आणि त्याच्या पंचक्रोशीत नववी-दहावीच्या वर्गांत शिकणाऱ्या मुलांनी आपल्याला नेमलेल्या पाठांविषयी, कवितांविषयी आणि शाळेच्या कपाटातून सुट्टीत वाचावयास मिळालेल्या पुस्तकांविषयी जे लिहिले, ते येथे आहे. लिहिताना दोनच अटी होत्या : गुण मिळणार नाहीत, आणि कागदावर नाव घालावयाचे नाही. पहिली अट ऐकून काही मुलांनी लिहिलेच नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. कारण गुणांवाचून लिहिण्याची सवय आपण त्यांना कधी लावलेली नाही.

बाळापूर हे बाजाराचे गाव. भोवतालच्या खेड्यांतून मुली एसटीच्या मोफत पासावर आणि मुले सायकलीवर किंवा कुणाच्या दुचाकीवर मागे बसून शाळेस येतात. कापूस, तूर, सोयाबीन आणि हळद ही या मुलखाची पिके, आणि त्यांच्या काढणीच्या वेळापत्रकाप्रमाणे वर्गातील हजेरीही खालीवर होते. यांतील बहुतेक घरांत पुस्तक म्हणून जे असते ते म्हणजे एखादी पोथी, हरिपाठ, भिंतीवरचे कालनिर्णय, आणि मुलांची पाठ्यपुस्तके. ज्या घरी भिंतभर ग्रंथ आहेत तेथे पाठ्यपुस्तक हे पुष्कळांतील एक, आणि बहुधा सर्वांत नावडते असते. येथे मात्र कथा, कविता, निबंध आणि चरित्र या सर्वांचे मिळून ते एकच दालन असते. मोठ्या बहिणीचे पुस्तक धाकट्याची आई संध्याकाळी चाळते, आजोबा चष्मा लावून त्यातील संतकवितेचे पान काढावयास सांगतात. नेमलेल्या पुस्तकाची निवड करणाऱ्या विद्वानांच्या मनात असा वाचक कितपत असतो हे मला सांगता येणार नाही, परंतु तो आहे, आणि या संग्रहातील अभिप्राय वाचताना त्याचे अस्तित्व विसरता कामा नये.

आठवीपर्यंतची पुस्तके सरकारातून मोफत मिळतात. नववीपासून ती विकत घ्यावी लागतात, आणि म्हणून निम्म्या किमतीत एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे जातात. अशी दहावीची एक कुमारभारती हे लिहिताना माझ्यासमोर आहे. ती निदान तीन हातांतून गेलेली असावी. वर खाकी कव्हर, त्याखाली वर्तमानपत्राचे जुने कव्हर, आणि शिवण सुटल्यावर कुणीतरी दाभणाने ओवलेला पोत्याचा दोरा. पहिल्या हाताने निळ्या शाईने कठीण शब्दांचे अर्थ लिहिले आहेत. दुसऱ्याने शिसपेन्सिलीने परिच्छेदांना कंस घालून त्यांच्या बाजूला ‘आय.एम.पी.’ अशी खूण केली आहे. तिसरा हात बारीक, गोल अक्षरांचा आहे, आणि त्याने अर्थही लिहिलेले नाहीत, खुणाही केलेल्या नाहीत. एका कवितेखाली त्याने ‘पुन्हा वाच’ असे स्वतःलाच बजावले आहे. दुसऱ्या एका पाठाच्या समासात पेन्सिलीने ‘झोप येते’ असा शेरा आहे, आणि त्याच्याच खाली त्या गोल अक्षरांत ‘मला नाही आली’ असे उत्तर आहे. एकमेकांना न पाहिलेल्या, वेगवेगळ्या वर्षी त्याच बाकावर बसलेल्या दोन वाचकांचा हा वाद परीक्षकापर्यंत कधी पोहोचणार नव्हता, त्याला गुण नव्हते, आणि म्हणूनच तो संपूर्णपणे खरा होता. या संग्रहाची कल्पना त्या समासातून निघाली.

मुलांचे मत विचारण्याची रीत आपल्याकडे फार जुनी नाही. आज जे ऐंशीच्या घरात आहेत किंवा त्याही पलीकडे गेले आहेत, त्यांच्या लहानपणी हा सारा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. 1918 साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू ठरली. खालच्या वर्गांची दिशाही त्यामुळे मुकरर झाली. घरी मराठी बोलणारे मूल शाळेत उर्दूचे पाठ घोकीत असे, आणि ज्या भाषेत त्याला स्वप्ने पडत त्या भाषेच्या ग्रंथांचा परिचय त्याला शाळेबाहेर, भजनात, कीर्तनात आणि चोरून मिळविलेल्या पुस्तकांत होई. 1921 साली हिप्परगा येथे निघालेल्या राष्ट्रीय शाळेसारख्या संस्था या परिस्थितीला दिलेले उत्तर होत्या. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, 1956 च्या नोव्हेंबरात मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि नेमलेले पुस्तक येथील मुलाच्या मायबोलीत आले. ज्यांनी हा बदल अनुभवला त्यांच्या लेखी शाळेत मराठी पुस्तक मिळणे हीच एवढी मोठी प्राप्ती होती की ते पुस्तक कसे आहे हा प्रश्न त्यांना सुचला नसेल तर त्यात नवल नाही.

तिकडे मुंबई इलाख्यात मराठी क्रमिक पुस्तकांची परंपरा पुष्कळ आधीची. मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेली पुस्तके, 1854 साली परशुरामपंत गोडबोले यांनी संपादिलेला ‘नवनीत’ हा काव्यसंग्रह, आणि पुढे मुलांना हसवीत शिकवावे या निष्ठेने आचार्य अत्रे यांनी रचलेली ‘नवयुग वाचनमाला’, असे तिचे टप्पे सांगता येतात. 27 जानेवारी 1967 रोजी पुण्यास पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले, ‘बालभारती’ हे त्याचे नाव घरोघरी गेले, आणि सावंतवाडीपासून गोंदियापर्यंत एका इयत्तेच्या मराठी मुलांच्या दप्तरात एकच पुस्तक दिसू लागले. हे काम मोठे आहे. महाराष्ट्राला एकत्र बांधणाऱ्या गोष्टींची गणना करू लागलो तर या पुस्तकांचे स्थान बरेच वर लागेल. परंतु जे पुस्तक सर्वांचे असते ते कोणत्याही एका गावचे असू शकत नाही, आणि ही उणीव भरून काढावयाची तर ती वाचणाऱ्या मुलानेच, आपल्या गावचा अनुभव त्या पुस्तकाशेजारी ठेवून.

त्यासाठी वाट नाही असे नाही. 2018 साली आलेल्या दहावीच्या कुमारभारतीबरोबर प्रश्नपत्रिका जाऊन कृतिपत्रिका आली, आणि लेखी परीक्षेत ‘स्वमत’ या मथळ्याखाली विद्यार्थ्याला त्याचे स्वतःचे मत विचारले जाऊ लागले. ज्यांनी ही सुधारणा केली त्यांचा हेतू निर्मळ होता आणि मी त्याचे मनापासून स्वागत केले होते. पुढे काय झाले हे प्रत्येक मराठीच्या शिक्षकाला ठाऊक आहे. बाजारातील मार्गदर्शकांत स्वमताची उत्तरे छापून आली. शिकवणीच्या वर्गांत ती उतरवून घेतली गेली. आणि एकाच केंद्रावरील उत्तरपत्रिकांत तेच मत, त्याच उपमांसह, त्याच क्रमाने उमटू लागले. त्या उत्तरांत पाठ नेहमी हृदयस्पर्शी असतो, लेखकाची भाषा नेहमी ओघवती असते, आणि पाठातून मिळणारा संदेश नेहमी मोलाचा असतो. याचा दोष मी मुलांवर ठेवीत नाही. ज्याचे मत चुकले तर त्याचे गुण जातात, तो मत देत नाही, जबाब देतो. आणि जबाब देणारा मनुष्य समोरच्याला काय ऐकावयाचे आहे ते आधी ताडतो. नावडण्याचा अधिकार ज्यात नाही अशा आवडीला साक्षीचे मोल येत नाही, हे आम्ही शिक्षकांनी कबूल केल्यावाचून स्वमत या शब्दाला वर्गात अर्थ प्राप्त होणार नाही.

आता प्रत्यक्ष अभिप्रायांकडे वळावे. दहावीच्या पुस्तकात दुर्गाबाई भागवतांचा ‘वसंतहृदय चैत्र’ हा लेख आहे. 1956 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऋतुचक्र’ या त्यांच्या पुस्तकाने मराठी ललितगद्याला निसर्गाकडे पाहण्याची नवी दृष्टी दिली हे आता सर्वमान्य आहे. त्याविषयी एका मुलीने पानभर लिहिले आहे. ती म्हणते की धड्यातली झाडे वाचून झाल्यावर ती आपल्या बांधावरच्या करंजाखाली मुद्दाम जाऊन उभी राहिली. जन्मापासून त्या झाडाखालून ती जातेयेते, पण त्याला फुले येतात तेव्हा खाली सडा पडतो हे तिने कधी नीट पाहिले नव्हते. एवढ्यावर तिचा अभिप्राय संपला असता तर कोणत्याही परीक्षकाने तिला पूर्ण गुण दिले असते. परंतु ती पुढे लिहिते की तिच्या घरी चैत्र म्हणजे हळद. कंद खणून निघालेले असतात, जेठे गड्डे निराळे आणि हळकुंडे निराळी करायची असतात, शिजवणीला पहाटेच उठावे लागते, वाफेने डोळे चुरचुरतात, आणि वाळवणावर उन्हात वाकून दिवसभर हळकुंडे परतवताना तळहात असे पिवळे होतात की परीक्षेच्या पेपरावरही डाग पडतो. ‘धड्यातल्या चैत्रात सगळी झाडे आहेत पण काम करणारे कुणी नाही, बाईंनी आमच्याकडचा चैत्र पाहिला असता तर त्यांनी तोही चांगला लिहिला असता,’ असे तिचे म्हणणे आहे.

मी या अभिप्रायापाशी बराच वेळ थांबलो. दुर्गाबाईंचा विषय वेगळा होता, माणसाच्या श्रमाचा इतिहास त्यांना त्या लेखात लिहावयाचा नव्हता, असे उत्तर तिला देता येईल, आणि ते उत्तर खोटे नाही. परंतु ज्या मताला उत्तर द्यावेसे वाटते तेच मत. त्या मुलीने लेखिकेचे ऋण मान्य केले, ती लेखिकेकडून पाहावयास शिकली, आणि त्याच शिकलेल्या दृष्टीने लेखाच्या कडेबाहेर काय राहिले तेही तिने पाहिले. शिवाय तिच्या तक्रारीत अनादर नाही. उलट लेखिकेच्या सामर्थ्यावर एवढा विश्वास आहे की तिने आपल्या अंगणात यावे अशी इच्छा आहे. मराठी समीक्षेत याहून अधिक समतोल वाक्ये फार वेळा लिहिली गेली आहेत असे मला वाटत नाही.

ग्रामीण मुलांना ग्रामीण पाठ आवडतात असे आपण गृहीत धरून चालतो; मीही पुष्कळ वर्षे तसेच धरून चाललो होतो. ‘आजी : कुटुंबाचं आगळ’ या पाठावरील अभिप्राय या समजुतीला अंशतःच दुजोरा देतात. काही मुलांना आपल्याच घरातली आजी पुस्तकात बसलेली पाहून आनंद झाला आहे. परंतु एका मुलाने स्पष्ट लिहिले आहे की शेतीचे आणि गावचे सर्व आम्हांला माहीत आहे, ते वाचण्यासाठी शाळेत यायला नको. आम्हांला समुद्राविषयी द्या. मराठवाड्याच्या आतल्या भागात वाढणाऱ्या, समुद्र न पाहिलेल्या मुलाची ही मागणी पाठ्यक्रम ठरवणाऱ्या कोणत्याही समितीपुढे ठेवण्याजोगी आहे. आपुलकीच्या भरात आपण मुलाला त्याच्याच गावात डांबून ठेवतो की काय, ही शंका त्याने माझ्या मनात उत्पन्न केली आणि ती अद्याप गेलेली नाही.

‘आप्पांचे पत्र’ या पाठात शाळेचा शिपाई विद्यार्थ्यांना पत्र लिहितो. तो या संग्रहात सर्वांत अधिक जणांचा आवडता ठरला आहे आणि त्याचे कारण मुलांनी जवळजवळ एकमुखाने दिले आहे : घंटा देणारा मनुष्य पुस्तकात बोलतो. मोरोपंतांच्या ‘भरतवाक्या’विषयी मात्र मते दुभंगली आहेत. अर्थ समजला नाही असे लिहिणारे पुष्कळ आहेत. पण त्यांतीलच एक जण सांगतो की सर्व वर्गाने मिळून चालीवर म्हटले की ‘छातीत बरे वाटते’. त्या कवितेच्या पृथ्वी वृत्ताविषयी एवढे नेमके निरीक्षण मी पाठ्यपुस्तकाच्या टिपांत वाचलेले नाही. सुट्टीतील वाचनात अर्थातच ‘श्यामची आई’ आहे. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकाविषयी एका मुलीने लिहिले की बेचाळीस रात्री ऐकल्या, श्यामला आईने काय काय शिकवले ते कळले, पण मला सबंध पुस्तकभर आईचीच काळजी वाटत राहिली. ती दमते ते श्यामला मोठेपणी कळले, तेव्हा का कळले नाही? हा प्रश्न, खरे पाहता, गुरुजींनी स्वतःलाच विचारलेला आहे; ते पुस्तक त्याच पश्चात्तापातून लिहिले गेले. रडण्यासाठी म्हणून हे पुस्तक मुलांच्या हाती देणाऱ्या वडीलधाऱ्यांनी या मुलीचे वाचन लक्षात घ्यावे अशी माझी विनंती आहे.

सर्वच अभिप्राय या योग्यतेचे आहेत असा माझा दावा नाही. ‘कंटाळवाणा आहे’ एवढेच लिहून थांबलेले कागद पुष्कळ आले, आणि ते मी घेतले नाहीत; कंटाळा ही मताची पूर्वतयारी असू शकते, मत नव्हे. तसेच, जे कठीण ते वाईट हा समजही अनेक कागदांत आहे आणि त्याला मुरड घालणे शिक्षकाचे कर्तव्य आहे. नेमलेल्या पुस्तकाचा एक मोठा अधिकार असा की ते आपल्या हाती आपण होऊन कधी आले नसते. रामदास, मोरोपंत, दुर्गाबाई यांच्याकडे बाळापूरचे मूल आपल्या मर्जीने केव्हा वळले असते? सक्तीने उघडलेल्या दारातूनही माणूस आपल्या पायांनी आत जाऊ शकतो. मात्र दार उघडून देणाऱ्याने आत गेलेल्याला तुला काय दिसले असे विचारले पाहिजे, आणि उत्तर संपेपर्यंत थांबले पाहिजे.

जगात हा विचार यापूर्वी झालेला आहे. टॉलस्टॉयने यास्नाया पोल्याना या आपल्या गावी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालविली, आणि 1862 साली त्या अनुभवावरून एक निबंध लिहिला. लिहिणे कोणी कोणाकडून शिकावयाचे, शेतकऱ्यांच्या मुलांनी आपणांकडून की आपण त्यांच्याकडून, असा त्याचा विषयच होता. 1967 साली इटलीतील बार्बियाना या डोंगरी खेड्यातील आठ मुलांनी आपल्याला नापास करणाऱ्या शिक्षिकेला उद्देशून एक पुस्तक लिहिले. मराठी वाचकांना ते ‘प्रिय बाई’ या नावाने परिचित आहे. शाळेत नेमलेले काव्य, इतिहास आणि व्याकरण कोणाच्या घरच्या अनुभवाला धरून असते आणि कोणाच्या नसते याची कैफियत त्या मुलांनी एवढ्या निर्भयपणे मांडली की शिक्षणावर लिहिणाऱ्यांना ती ओलांडून पुढे जाता येत नाही.

परंतु इतक्या दूर जाण्याचे कारणच काय? नरहर कुरुंदकर यांचा जन्म 1932 साली याच कळमनुरी तालुक्यात, नांदापूर येथे झाला. परीक्षांशी त्यांचे सख्य नव्हते. इंटरच्या परीक्षेत ते एकाहून अधिक वेळा अनुत्तीर्ण झाले, ही हकीकत नांदेडकडे सर्वांना ठाऊक आहे. नेमलेली पुस्तके सोडून न नेमलेली वाचणारा हा विद्यार्थी पुढे नांदेडला शाळेत आणि मग पीपल्स कॉलेजात शिक्षक झाला, ‘धार आणि काठ’सारखा मराठी कादंबरीचा साक्षेपी अभ्यास त्याने लिहिला, आणि रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ला त्याचे पत्ररूप विवेचन प्रस्तावना म्हणून लाभले. त्या विवेचनात स्तुती थोडी आणि प्रश्न पुष्कळ आहेत. शिवचरित्राची मांडणी कशी असावी याविषयी कुरुंदकर आपले मत कोणाचीही भीड न धरता सांगतात. कादंबरीकाराने ते मत दडवले नाही, आपल्या ग्रंथाच्या अग्रभागी छापले. वाचकाच्या मोकळ्या मताचा याहून मोठा सन्मान मराठीत क्वचितच झाला असेल, आणि तो या तालुक्यात जन्मलेल्या वाचकाचा झाला, ही गोष्ट मी वर्गात सांगत आलो आहे. ती ऐकल्यावर मुलांच्या लेखण्या सैल होतात असा माझा अनुभव आहे.

संपादनाविषयी थोडे सांगून ही प्रस्तावना आटोपती घेतो. मुलांच्या ऱ्हस्वदीर्घाला हात लावलेला नाही. वाक्य अर्थहीन होत होते तेवढ्याच ठिकाणी एखादा शब्द भरला आहे. ‘आमच्याकडं’ लिहिणाऱ्याचे ‘आमच्याकडे’ केलेले नाही, आणि ज्याने प्रयत्नपूर्वक ग्रांथिक लिहिले आहे त्याचे बोलीत उतरवलेले नाही. एकाच पाठावरील परस्परविरुद्ध मते शेजारी शेजारी ठेवली आहेत. दोन सहकाऱ्यांना हा उद्योग अनुचित वाटला. मुलांना पुस्तकाला नावे ठेवावयास शिकवू नये असे त्यांचे म्हणणे, आणि त्यांनी ते लेखी दिले म्हणून तेही परिशिष्टात घातले आहे. कित्येक पाठ्यपुस्तकांच्या आरंभी विद्यार्थ्यांना उद्देशून चार शब्द असतात आणि अभिप्राय कळवण्याची विनंतीही असते. त्या विनंतीला मान देऊन या संग्रहाची एक प्रत पुण्यास मंडळाकडे रवाना होत आहे.

संग्रहाच्या प्रारंभी घातलेले अभिप्राय मात्र सध्याच्या विद्यार्थ्यांचे नाहीत. दहावीनंतर ज्यांची शाळा सुटली, ज्यांपैकी काहींची लग्ने झाली आणि काही ऊसतोडीला किंवा शहरात कामाला गेले, अशा थोड्या जणांनी ते गावी आले असताना लिहून दिले, दोघींनी तोंडी सांगून लिहवले. त्यांच्यावर आता कोणतेही पुस्तक नेमलेले नाही. एकीला कवीचे नाव आठवत नव्हते, कवितेचा शेवटही आठवत नव्हता. मधलेच एक कडवे आठवत होते, आणि ते मुलाला निजवताना म्हणते असे तिने सांगितले. वाचकाने तेथून वाचावयास आरंभ करावा.